परभणीतल्या घरातला जुना १२ इंची वूफर आणि त्याच्यासाठी बांधलेली बंद पेटी

परभणी शहरातलं साधं स्लॅबचं घर. हॉल १२ बाय १० फूट, उंचीही १० फूट, भिंती विटांच्या, आतून सिमेंटचा गिलावा आणि खाली फरशी. घरात तीन स्पीकरवाल्या मोठ्या जुन्या पेट्यांची जोडी होती. एका पेटीला वाळवी लागली, दुसरीचा भुसा-बोर्ड पावसाळ्यांत फुगून सांधे सुटले. आतल्या दोन वूफरपैकी एकाची कॉइल जळालेली, दुसऱ्याची शाबूत, पण त्याच्या कोनाभोवतीची फोमची कड बोट लावलं की चिकट भुग्यासारखी गळत होती. चुंबकावरचं लेबल पुसलेलं, कंपनीचा कागद नाही.

घरातल्या मोठ्या काकांना कीर्तनाची आणि अभंगांची जुनी रेकॉर्डिंगं नीट ऐकायची होती. पखवाजाची डावी बाजू भरदार यावी, पण एक थाप दुसरीत मिसळू नये, एवढीच मागणी. समोर लहान बुकशेल्फ स्पीकर होते, त्यांना ८० हर्ट्झच्या खाली कुणी साथीदार हवा होता. म्हणजे वाचलेल्या एका वूफरभोवती सबवूफर बांधायचा.

अशा कामात बहुतेक जण थेट प्लायच्या दुकानात जातात. इथे मुद्दाम उलटा क्रम ठेवला: आधी ड्रायव्हर, म्हणजे पेटीबाहेरचा सुटा वूफर, दुरुस्त, मग त्याचं मोजमाप आणि त्या आकड्यांवरून पेटी. फोम बदललेला जुना ड्रायव्हर कारखान्यातून निघाला तेव्हाचा ड्रायव्हर राहिलेला नसतो. कंपनीचा कागद हाती असता, तरीही त्यावर पेटी बेतणं चूक ठरलं असतं.

ड्रायव्हर वाचवण्याजोगा आहे का

पहिली तपासणी मल्टीमीटरची. कॉइलचा डीसी रोध ५.८ ओहम भरला, म्हणजे ड्रायव्हर ८ ओहमचा. मग कोन दोन्ही हातांच्या बोटांनी समान दाबून हळू आत-बाहेर केला. कुठे खरखर लागली नाही, म्हणजे कॉइल चुंबकाच्या फटीत घासत नव्हती. मात्र कड गळलेली असताना ही चाचणी फसवू शकते, कारण कोनाला एकाच बाजूचा आधार असतो. म्हणून नवी कड लावल्यावर ती पुन्हा करावीच लागते.

स्पायडर, म्हणजे कोनामागची पिवळसर नालीदार जाळी, नीट बघितली. डिंक सुटलेला नव्हता. वर्षानुवर्षं एकाच स्थितीत उभा राहिलेला वूफर स्वतःच्या वजनाने किंचित खाली झुकतो, म्हणून नव्या पेटीत तो १८० अंश फिरवून बसवायचं ठरलं. कॉइलपासून टर्मिनलपर्यंत जाणाऱ्या वेणीच्या तारा वाकवून पाहिल्या, आतले धागे तुटलेले नव्हते. चुंबक फेराइटचा होता. घरातल्या वापरात फेराइट वयाने कमजोर होत नाही, त्यामुळे तिकडे काळजी नव्हती.

खरा प्रश्न कडेचा. मराठवाड्यात स्पीकर दुरुस्तीची दुकानं बहुतेक मंडप आणि डीजेच्या कामावर चालतात, तिथे पटकन मिळते ती कापडी नालीदार कड. ती टिकते, पण ताठ असते. मंडपाच्या स्पीकरला ती शोभते, कारण त्याला ५०-६० हर्ट्झच्या खाली जायचंच नसतं. घरगुती वूफरला तीच कड लावली की त्याचा नैसर्गिक कंप २८ वरून ५०-५५ हर्ट्झवर जाऊन बसतो आणि मग कुठलीही पेटी त्याला खाली आणू शकत नाही. दुकानदाराला 'कड मऊ फोमचीच हवी' हे स्पष्ट सांगावं लागतं. तिथे न मिळाल्यास कड मागवून घरी लावणं बरं.

'१२ इंची फोम' एवढं सांगून माप जुळत नाही. तीन मापं लागतात: कोनाचा बाहेरचा व्यास, फ्रेमवर कड चिकटते त्या पट्टीचा आतला व्यास आणि तिचा बाहेरचा व्यास. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. पाच मिलिमीटरचा चालत नाही, त्यात कड कायम ताणलेली राहते.

कड बदलण्याचं काम असं झालं. जुना फोम बोथट सुरीने खरवडला, उरलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. थिनर टाळला, तो कागदी कोनात मुरतो आणि जुने डिंक सोडवतो. नवी कड आधी कोनाला पांढऱ्या पाण्याच्या डिंकाने चिकटवून रात्रभर ठेवली. दुसऱ्या दिवशी टोपी, म्हणजे मधली डस्ट कॅप, धारदार पात्याने कडेने सोडवली. कॉइल आणि मधला खांब यांच्यामध्ये जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार पातळ पट्ट्या समान अंतरावर सरकवल्या. कॉइल अशी मधोमध अडकवून मगच फोमची बाहेरची कड फ्रेमवर चिकटवली. डिंक वाळल्यावर पट्ट्या काढल्या, कोन दाबून पाहिला, टोपी परत बसवली. रबराच्या कडेला पांढरा डिंक धरत नाही, तिला रबर सोल्यूशन लागतं. ते लागताच पकडतं आणि कड सरकवायला वेळ देत नाही, म्हणून पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने फोमच घ्यावा.

मोजमाप

लॅपटॉप, रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर आणि एक रेझिस्टर असला की इंपिडन्सचा, म्हणजे वारंवारतेप्रमाणे बदलणाऱ्या एसी रोधाचा, आलेख थेट मिळतो. लॅपटॉप नसेल तरी अडत नाही. मोबाइलवरचं टोन जनरेटर अॅप, कुठलाही अॅम्प्लिफायर, एक १००० ओहमचा आणि एक १० ओहमचा रेझिस्टर आणि एसी मिलिव्होल्ट मोजणारा मल्टीमीटर पुरतो. स्वस्त मल्टीमीटरला एसीची सगळ्यात खालची पट्टी २०० व्होल्टची असते, तो इथे निरुपयोगी. शिवाय अनेक मीटर २०-३० हर्ट्झला कमी दाखवतात. म्हणून प्रत्येक वारंवारतेला आधी १० ओहमच्या रेझिस्टरवरचं वाचन घ्यायचं, मग त्याच जागी वूफर जोडून वाचन घ्यायचं आणि गुणोत्तरातून ओहम काढायचे. मीटरची चूक दोन्हीकडे सारखी येते आणि गळून जाते. अॅम्प्लिफायरचा आवाज असा लावायचा की ओळीत जोडलेल्या १००० ओहममधून १० ओहमवर सुमारे १०० मिलिव्होल्ट पडतील.

ड्रायव्हर मोकळ्या हवेत, उभा, भिंतींपासून दूर धरायचा. टेबलावर चुंबकाच्या बाजूने आडवा ठेवला तर मागची हवा कोंडते आणि आकडे बिघडतात.

नवी कड लावल्यावर लगेच नैसर्गिक कंप, म्हणजे एफएस, ३१ हर्ट्झ निघाला. वूफर सुमारे बारा तास २५ हर्ट्झच्या सुरावर काही मिलिमीटर हलता ठेवल्यावर तो २८ वर उतरला आणि तिथे थांबला. ही पायरी गाळली असती तर पेटी चुकीच्या आकड्यावर बेतली गेली असती.

२८ हर्ट्झला इंपिडन्सचं शिखर ५०.४ ओहम. त्याला ५.८ ने भागलं की ८.६९, त्याचं वर्गमूळ २.९५. इंपिडन्स ५.८ गुणिले २.९५, म्हणजे १७.१ ओहम, शिखराच्या दोन्ही बाजूंना कुठे येतो ते शोधलं: १९.५ आणि ४०.१ हर्ट्झ. या दोहोंच्या गुणाकाराचं वर्गमूळ पुन्हा २८ आलं, म्हणजे वाचनं विश्वासार्ह. क्यू म्हणजे कंप किती हळू विरतो याचं माप. यांत्रिक क्यू: २८ गुणिले २.९५ भागिले २०.६, म्हणजे ४.०. एकूण क्यू, ज्याला क्यूटीएस म्हणतात: ४.० भागिले ८.६९, म्हणजे ०.४६. विद्युत क्यू ०.५२.

राहिला व्हीएएस, म्हणजे ज्या आकारमानाची हवा ड्रायव्हरच्या स्वतःच्या स्प्रिंगइतकी ताठ असते तो आकडा. त्यासाठी मुलांच्या खेळण्यातली माती किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून ५० ग्रॅम घेतली आणि टोपीभोवती कड्यासारखी दाबून बसवली. कंप २८ वरून २१.७ वर आला. त्यातून हलत्या भागाचं वजन ७५ ग्रॅम निघालं. कडेच्या मध्यापासून मध्यापर्यंत व्यास २६ सेंटिमीटर, म्हणजे कोनाचं क्षेत्र ५३१ चौरस सेंटिमीटर. व्हीएएस आला सुमारे १७० लिटर. माती नीट दाबली नाही तर ती थरथरते आणि कंपाचा आकडा डळमळतो. दोनदा मोजून एकच उत्तर आलं तरच पुढे जावं.

बंद पेटीच का

१९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांच्या एआर-१ या स्पीकरने दाखवलं की लहान बंद पेटीतली हवा हीच वूफरची मुख्य स्प्रिंग होऊ शकते. पुढे ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला याचं गणित इतकं सुटसुटीत केलं की आज ते वहीच्या एका पानावर मावतं. वर वापरलेले आकडे त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

जुन्या ड्रायव्हरसाठी हवेच्या स्प्रिंगचं महत्त्व फार मोठं आहे. या प्रकरणात पेटी ८५ लिटरची धरली तर एकूण ताठपणाचा दोन तृतीयांश हवेचा आणि एक तृतीयांशच कड-स्पायडरचा. मे महिन्यात परभणीचा पारा ४३ अंशांवर जातो, तेव्हा फोम आणि स्पायडर मऊ पडतात, डिसेंबरच्या थंडीत ताठरतात. समजा त्यांचा ताठपणा २० टक्क्यांनी उतरला. मोकळ्या हवेत कंप २८ वरून २५ वर घसरेल, पण बंद पेटीत तो साधारण ४८.६ वरून ४७ वर येईल, म्हणजे कानाला कळणारही नाही. वयाने बदलत राहणारा भाग गौण झाला आणि न बदलणारी हवा प्रमुख झाली. पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची नळी, असलेल्या पेटीत असं होत नाही. तिथे पोर्टचा सूर ड्रायव्हरच्या आकड्यांशी जुळलेला असावा लागतो, आणि पोर्टच्या सुराखाली कोनाला हवेचा आधारच उरत नाही. जुन्या, कमी प्रवासाच्या कॉइलला ते सोसत नाही, ती मागच्या पट्टीवर आपटते.

एफएसला विद्युत क्यूने भागून येणारा आकडा ५० च्या आसपास किंवा कमी असेल तर बंद पेटी योग्य, असा ढोबळ संकेत आहे. इथे तो ५४ आला, काठावरचा. पोर्ट अशक्य नव्हता, पण वरच्या कारणांनी तो बाद केला.

पेटी किती मोठी

क्यूटीसी म्हणजे पेटीत बसवल्यावरचा एकूण क्यू. त्याचं सूत्र एकच: क्यूटीसी = क्यूटीएस × √(व्हीएएस ÷ पेटी + १). क्यूटीसीला क्यूटीएसने भागून एफएसने गुणलं की पेटीतला कंप, एफसी, मिळतो.

१२६ लिटर: क्यूटीसी ०.७१, एफसी ४३ हर्ट्झ, आवाजात कुठेही फुगवटा नाही.
८५ लिटर: क्यूटीसी ०.८०, एफसी ४८.६, फुगवटा ०.२ डेसिबल.
६० लिटर: क्यूटीसी ०.९०, एफसी ५४.८, फुगवटा ०.७ डेसिबल.
४६ लिटर: क्यूटीसी १.०, एफसी ६०.७, फुगवटा सव्वा डेसिबल.

आवाज ३ डेसिबलने उतरण्याची जागा या चारही पेट्यांत ४३ ते ४८ हर्ट्झच्या दरम्यानच येते. त्यामुळे 'लहान पेटीनेही तेवढंच भागतं' असं वाटू शकतं. फरक त्याखाली दिसतो: २५ हर्ट्झच्या खाली ४६ लिटरची पेटी १२६ लिटरच्या पेटीपेक्षा ५ ते ६ डेसिबल मागे पडते.

मिस्त्रींनी माप बघून विचारलं, "काका, कोपऱ्यात ठेवायचं म्हणता तर पेटीची खोली सा इंचानं कमी करू ना. आवाजाला काय फरक पडणार हाय?" प्रश्न रास्त होता, १२ बाय १० च्या हॉलमध्ये अर्धा फूट म्हणजे मोठी जागा. काकांनी हिशेब करून घेतला. सहा इंच कापले तर आत ५५ लिटर उरतात, क्यूटीसी ०.९३ आणि एफसी ५७ हर्ट्झच्या जवळ. आता हॉल बघा. ३० अंश तापमानाला ध्वनीचा वेग सुमारे ३४९ मीटर प्रतिसेकंद, १२ फुटांच्या दोन भिंतींमधला पहिला घुमारा ४८ हर्ट्झला, १० फुटांचा ५७ हर्ट्झला, आणि उंचीही १० फूटच, म्हणजे तिचाही ५७ ला. पेटीतला कंप आणि हॉलचे दोन घुमारे एकाच ठिकाणी येणार. पखवाजाची थाप तिथेच लांबते आणि मग कितीही महाग अॅम्प्लिफायर लावला तरी ती आखूड होत नाही. "नको मिस्त्री, आहे तेवढंच राहू द्या," असं ठरलं.

मात्र लिटरभराच्या चुकीला घाबरायचं कारण नाही. पेटी १० टक्क्यांनी लहान झाली तरी क्यूटीसी ०.८० वरून ०.८३ होतो. बंद पेटीत आकारमानाची चूक फारशी नडत नाही, हवा गळण्याची नडते.

प्लाय आणि कापणी

१८ मिलिमीटरचा मरीन प्लाय, आयएस ७१० चा शिक्का असलेला, ८ बाय ४ चा एक तावा. एमडीएफ ध्वनीच्या दृष्टीने उत्तम, पण रोज फरशी पुसली जाते त्या घरात त्याच्या खालच्या कडा दोन-तीन पावसाळ्यांत फुगतात. प्लाय घेताना चारही कडा बघाव्यात. मधल्या थरांत पोकळी असेल तर ती आवाज करते आणि सांध्यातून हवाही सोडते.

आतलं माप ४० रुंद, ५० उंच, ४५.५ सेंटिमीटर खोल, म्हणजे ९१ लिटर. त्यातून वजा: आडवी-उभी चौकट २ लिटर, ड्रायव्हर सुमारे ३, कोपऱ्यांच्या पट्ट्या १.४. उरले साडेचौऱ्याऐंशी. लांबी-रुंदी-उंचीचं 'सोनेरी गुणोत्तर' सबवूफरला लागत नाही, कारण ५० सेंटिमीटरमधली पहिली उभी लाट साडेतीनशे हर्ट्झच्या आसपास येते आणि सबवूफर ८० ला थांबतो.

तुकडे असे: समोरचे दोन आणि मागचा एक, ४३.६ × ५३.६. बाजूचे दोन, ५० × ४५.५. वर-खालचे दोन, ४३.६ × ४५.५. आतली चौकट ४० × ५०, तिच्यात १२.५ × १७.५ च्या चार खिडक्या, म्हणजे ५ सेंटिमीटरच्या पट्ट्या उरतात. ५३.६ च्या आडव्या पट्टीत पहिले पाच तुकडे बसतात, उरलेल्या भागात बाकीचे. दुकानातल्या पॅनेल सॉवर कापून घेणं उत्तम. हातकरवतीने एक-दोन मिलिमीटर तिरकं गेलं तरी सांध्यात फट राहते.

समोरची पाटी दुहेरी, ३६ मिलिमीटरची. वूफरचं भोक कापताना फ्रेमचं माप प्रत्यक्ष घ्यायचं, १२ इंची ड्रायव्हरांचं भोक सगळीकडे सारखं नसतं. आतल्या पाटीच्या भोकाची मागची कड ४५ अंशांत तिरकी छाटली. नाहीतर एवढ्या जाड लाकडात कोनाची मागची बाजू नळकांड्यात कोंडल्यासारखी होते. आठ एम-५ टी-नट, म्हणजे लाकडात ठोकायचे दातेरी नट, पाटी बंद करण्याआधीच मागून ठोकून, कडेला एरल्डाइट लावून बसवले. लाकडी स्क्रू इथे वापरू नयेत. ड्रायव्हर दोन-चारदा काढावा लागतो आणि प्लायमधली भोकं ढिली होतात. टी-नट मिळाला नाही तर रुंद वॉशरसह साधा नट मागून एरल्डाइटने पक्का करावा.

जोडणी

उन्हाळ्यात डिंक काम होण्याआधीच साय धरतो, म्हणून चिकटवण्याचं काम सकाळी लवकर. आधी वर-खाली आणि दोन बाजू, दीड इंची स्क्रू दर १० सेंटिमीटरला, आधी बारीक भोक पाडून. डिंक ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजले. ते सारखे नसतील तर तेव्हाच शिकंजा तिरका लावून ओढावं, वाळल्यावर काही होत नाही. मग समोरून १८ सेंटिमीटर आत चौकट बसवली, चुंबक तिच्या अलीकडे राहतो. त्यानंतर मागची पाटी, शेवटी समोरच्या दोन. आतल्या समोर-मागच्या कोपऱ्यांत दोन सेंटिमीटरच्या लाकडी पट्ट्या आणि सगळ्या सांध्यांवर डिंक आणि लाकडाचा भुसा कालवून केलेली लांबी बोटाने भरली. आतून पाणी मिसळलेल्या डिंकाचे दोन हात दिले, त्याने प्लायच्या कापलेल्या कडा बंद होतात.

मागच्या बाजूला प्लॅस्टिकची टर्मिनल-वाटी बसवली होती, पुढे तीच नडली. तारेसाठी १.५ चौरस मिलिमीटरची साधी घरगुती तांब्याची वायर पुरते. जुन्या पेटीतला क्रॉसओव्हर, म्हणजे सूर वेगवेगळ्या स्पीकरांत वाटणारं सर्किट, वापरायचा नाही हे आधीच ठरलं होतं. त्यातल्या मोठ्या कॉइलचा रोध ०.८ ओहम होता. तो मध्ये राहिला असता तर क्यूटीएस ०.४६ वरून ०.५२ आणि याच पेटीत क्यूटीसी ०.९० झाला असता. पेटी २५ लिटरने लहान केल्याइतकाच हा फरक आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

गळती

ड्रायव्हरखाली दार-खिडकीची मऊ फोम पट्टी लावून बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळले. कोन हळू आत दाबून सोडला तर तो सेकंदभरात सावकाश परत यायला हवा. इथे तो लगेच उसळून आला. इंपिडन्सचं शिखरही अपेक्षेपेक्षा बुटकं होतं, गळणाऱ्या पेटीची ही ठरलेली खूण आहे. मग २५ हर्ट्झचा सूर लावून पेटलेली उदबत्ती सगळ्या सांध्यांजवळून फिरवली. धूर टर्मिनल-वाटीपाशी तालात आत-बाहेर खेचला जात होता. वाटी काढून जागा लाकडी तुकडा आणि डिंकाने बंद केली, त्यात पितळेचे दोन एम-६ बोल्ट आरपार बसवले आणि आतून एम-सीलने भरले. त्यानंतर कोन सावकाश परतू लागला आणि एफसी ४८ हर्ट्झ मोजला गेला, हिशेबाच्या अगदी जवळ.

उदबत्तीने गळती सापडली नाही आणि कोन तरी उसळत असेल, तर टोपी किंवा कोनाचा कागद सच्छिद्र झालेला असतो. टोपीवर पातळ डिंकाचा एक हात दिल्याने तो बहुधा बंद होतो.

३८ हर्ट्झच्या आसपास आणखी एक तडतड येत होती. ती पेटीची नव्हती. वेणीची तार कोनावर आपटत होती, तिला थोडी ढील देऊन लांब वळवली.

भरण

मराठवाड्यात घराघरात कापूस असतो, त्यामुळे तो भरायचा मोह होतो. कापूस खाली बसतो, दमट होतो, त्यात किडे होतात. काचेच्या लोकरीचे कण चुंबकाच्या फटीत जातात. गादी-उशीच्या दुकानात मिळणारा पॉलिस्टर फायबर घ्यावा. लिटरमागे १० ग्रॅम धरून ८५० ग्रॅम घेतला, हाताने पिंजून मोकळा केला, चौकटीच्या मागे जास्त आणि पुढे कमी भरला, चुंबकामागची जागा मोकळी ठेवून वर जाळीदार कापड ताणलं. एफसी ४६.५ वर आला, क्यूटीसी ०.७६ च्या आसपास. पेटी जणू सुमारे १० टक्क्यांनी मोठी झाली. दीड किलो कोंबला असता तर परिणाम उलटा झाला असता, कारण दाबलेला फायबर स्वतःच जागा खातो.

अॅम्प्लिफायर किती वॅटचा

दुकानदार २००-३०० वॅटची भाषा करतात. या ड्रायव्हरची कॉइल एका दिशेने साधारण ५ मिलिमीटर सरळ प्रवास करते. एवढा प्रवास एफसीच्या खाली मिळवायला हवा आणि कड मिळून सुमारे ३५ न्यूटन जोर लागतो, त्यासाठी २.९ अँपिअर, म्हणजे शिखरावर १७ व्होल्ट. ८ ओहमच्या भाषेत हे १८ वॅट झाले. त्यापुढे दिलेला प्रत्येक वॅट खालच्या सुरांत कॉइलला तिच्या हद्दीबाहेर ढकलतो. म्हणून टीपीए ३११६ चिपचा छोटा डी-वर्ग बोर्ड, २४ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस पॉवर सप्लाय आणि त्याचा एकच चॅनेल वापरला. या चिपच्या स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात, काळी तार कुठेही अर्थला लावली तर चिप जाऊ शकते. बोर्ड पेटीच्या आत नको. फायबर भरलेल्या बंद डब्यात मे महिन्यात त्याला हवा मिळत नाही.

एवढ्या प्रवासात एक मीटरवर ४० हर्ट्झला १०१ डेसिबल, ३० ला ९६, २० ला ८९ निघतात. घरातल्या ऐकण्याला ते भरपूर आहे. लो-पास, म्हणजे वरचे सूर अडवणारा फिल्टर, ८० हर्ट्झ, सप्तकामागे २४ डेसिबलचा. बाजारातल्या स्वस्त फिल्टर बोर्डांवर छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष छेद जुळेलच असं नाही, म्हणून टोन लावून तो एकदा मोजून घ्यावा.

जागा

कोपऱ्यात पेटी ठेवली तेव्हा ४८ हर्ट्झचा घुमारा पूर्ण जागा झाला आणि बाजूचं लोखंडी कपाट थरथरू लागलं. पेटी १२ फुटी भिंतीच्या मधोमध आणली. लांबीच्या पहिल्या घुमाऱ्याचा दाब खोलीच्या मध्यावर शून्य असतो, तिथून त्याला खतपाणी मिळत नाही. ऐकायला बसायचा दिवाण भिंतीलगतच राहिला, तरी थापा सुट्या ऐकू येऊ लागल्या. दारं-खिडक्या बंद असताना ४८ च्या खाली खोली स्वतः थोडी भर घालते, आणि बंद पेटीची हळूहळू उतरणारी घसरण त्या भरीशी चांगली जुळते. ३५ हर्ट्झच्या आसपासचे सूर त्यामुळे बसण्याच्या जागी अंदाजापेक्षा भरदार येतात.

कपाटाच्या दारांत रबरी तुकडे लावले, पेटीखाली इंचभर उंच रबरी पाय. पोछ्याचं पाणी प्लायपर्यंत जात नाही आणि खाली वाळवीची माती दिसली तर लगेच कळते. पहिल्या उन्हाळ्यानंतर प्लाय सुकून किंचित आकसतो, तेव्हा ड्रायव्हरचे आठही बोल्ट पुन्हा जोडीजोडीने आवळावेत आणि उदबत्तीची चाचणी परत घ्यावी. फोमच्या कडेवर थेट ऊन येऊ नये म्हणून समोर कापडी जाळी कायम ठेवावी. दर दोन-तीन वर्षांनी ड्रायव्हर १८० अंश फिरवावा, आणि तेव्हाच इंपिडन्सचं शिखर मोजून वहीत लिहावं. एफसी दोन-तीन हर्ट्झहून जास्त हलला, तर आधी गळती शोधावी, मग कड बघावी.